अली श्रेष्ठ की ब्रूस ली?

काही वाद असे असतात की ते मधल्या सुट्टीत सुरू होतात आणि शाळा सुटली तरी संपत नाहीत. वाघ आणि सिंह यांच्यात बलवान कोण, हा त्यांतलाच एक. दुसरा असाच वाद म्हणजे, मुष्टियोद्धा महंमद अली आणि कुंग-फूचा बादशहा ब्रूस ली यांची झुंज झाली असती तर कोण जिंकले असते? आमच्या शाळेत नववीच्या दोन मुलांनी या प्रश्नावर एवढी हुज्जत घातली की शेवटी दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. "सर, हा म्हणतो ठोसा मोठा. मी म्हणतो लाथ मोठी. मैदानामागे जाऊन आता पाहूनच घेतो," असे त्यांतला एक मला म्हणाला.

मी त्यांना मैदानामागे न पाठवता प्रयोगशाळेत नेले. कारण हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. त्यात न्यूटनचे नियम आहेत, शरीरशास्त्र आहे, आणि प्रश्न कसा विचारावा याचा एक महत्त्वाचा धडाही आहे. चला, आपण तो पायरीपायरीने सोडवू या.

दोघे प्रतिस्पर्धी

महंमद अलीचा जन्म १९४२ साली अमेरिकेतील लुइव्हिल या शहरी झाला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. पुढे १९६४, १९७४ आणि १९७८ अशा तीन वेळा तो व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या सर्वांत वरच्या वजनगटाचा जगज्जेता झाला. उंची १९१ सेंटिमीटर. १९७४ साली जॉर्ज फोरमनशी लढताना त्याचे वजन सुमारे ९८ किलो होते.

ब्रूस लीचा जन्म १९४० साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला, पण तो वाढला हाँगकाँगमध्ये. पुष्कळजण त्याला कराटेपटू म्हणतात. खरे तर तो विंग चुन नावाची चिनी कुंग-फू पद्धती शिकला होता. पुढे त्याने 'जीत कुन दो' ही स्वतःची पद्धती उभी केली. 'एन्टर द ड्रॅगन' या चित्रपटाने त्याचे नाव जगभर झाले, पण ते यश पाहायला तो राहिला नाही. २० जुलै १९७३ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तो वारला. उंची सुमारे १७२ सेंटिमीटर, वजन सुमारे ६४ किलो.

या दोघांचा सामना कधीच झाला नाही. तेव्हा उत्तर शोधायचे तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे भौतिकशास्त्राला विचारणे, आणि दुसरा म्हणजे असेच जे दुसरे सामने खरोखर झाले, त्यांना साक्षीला बोलावणे.

ठोसा मोजायचा कसा?

ठोशाची ताकद डोळ्यांनी कळत नाही, ती मोजावी लागते. १९८५ साली इंग्लंडमधील काही संशोधकांनी फ्रँक ब्रूनो या नामवंत वजनदार मुष्टियोद्ध्याला प्रयोगशाळेत बोलावले. त्याच्यासमोर मऊ आवरण घातलेले एक जड वस्तुमान लंबकासारखे टांगले, त्याला मोजमापाची उपकरणे जोडली आणि सांगितले, "मार ठोसा!" ब्रूनोच्या मुठीने सुमारे ४९ सेंटिमीटर अंतर एका सेकंदाच्या दहाव्या भागात कापले. लक्ष्यावर आदळताना तिचा वेग सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर होता. कमाल बल भरले ४,०९६ न्यूटन. सुमारे ४०० किलो वजनाच्या वस्तूवर पृथ्वीचे जेवढे गुरुत्वाकर्षण असते, तेवढे हे बल!

आता ४९ सेंटिमीटर आणि एक दशांश सेकंद हे आकडे लक्षात ठेवा. समोर काहीतरी हलले, हे डोळ्यांना दिसून मेंदूने स्नायूंना हुकूम देईपर्यंत माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे ठोसा निघालेला पाहून मग तो चुकवू म्हणणाऱ्याच्या नाकावर तो केव्हाच बसलेला असतो! मग अली ठोसे चुकवी तरी कसे? तो मूठ सुटण्याची वाट पाहत नसे. प्रतिस्पर्ध्याचा खांदा, पावले आणि तोल पाहून पुढे काय येणार याचा अंदाज तो आधीच बांधी. शिवाय तो सतत नाचत्या पावलांनी अंतर राखून असे.

वेग महत्त्वाचा की वजन?

ब्रूस लीचे चाहते येथे म्हणतील, "पण ली विजेसारखा चपळ होता!" खरे आहे. मग वेग वजनाची उणीव भरून काढील काय? गणित करून पाहू.

ठोसा मारताना फक्त मूठ आदळत नाही. तिच्यामागे दंड, खांदा आणि थोडेफार धडही असते. या सर्वांचे मिळून जे वस्तुमान आघातात भाग घेते, त्याला 'परिणामी वस्तुमान' म्हणू. समजा, वजनदार योद्ध्याच्या ठोशाचे परिणामी वस्तुमान ३ किलो आहे आणि वेग सेकंदाला ९ मीटर.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग: ३ × ९ = २७ एकके.

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे: ½ × ३ × ८१ = सुमारे १२२ ज्यूल.

आता समजा, हलक्या योद्ध्याच्या ठोशाचे परिणामी वस्तुमान २ किलो आहे. वेग तेवढाच असला तर संवेग १८ एकके आणि ऊर्जा ८१ ज्यूल भरेल. वजनदार योद्ध्याच्या ऊर्जेशी बरोबरी करायची तर त्याला सेकंदाला ११ मीटर वेग हवा, आणि संवेगाशी बरोबरी करायची तर साडेतेरा मीटर हवा! ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, म्हणून चपळाईचा फायदा तेथे अधिक मिळतो. संवेगात मात्र वजनाची उणीव भरून काढणे अवघड जाते.

एवढा वेग माणसाच्या हाताला शक्य आहे का? अमेरिकेत मायकेल फेल्ड, रॉनल्ड मॅकनेअर आणि स्टीफन विल्क यांनी कराटेपटूंच्या हालचालींची अतिजलद छायाचित्रे घेऊन अभ्यास केला आणि १९७९ साली तो प्रसिद्ध केला. वरून खाली हाणलेल्या मुठीचा वेग सेकंदाला १० ते १४ मीटरपर्यंत जातो, असे त्यांना आढळले. सरळ ठोशाचा वेग मात्र याहून कमी भरतो. आणखी एक गंमत त्यांना दिसली. हात पूर्ण लांब होण्याच्या थोडे आधीच मुठीचा वेग सर्वांत जास्त असतो. म्हणूनच फळी फोडणारा कराटेपटू फळीच्या पृष्ठभागावर नेम धरत नाही, तिच्या थोडे पलीकडे धरतो. या तिघांपैकी मॅकनेअर हा स्वतः कराटेचा काळा पट्टा मिळवलेला भौतिकशास्त्रज्ञ होता. पुढे तो अंतराळवीर झाला आणि १९८६ च्या 'चॅलेंजर' यानाच्या दुर्घटनेत मरण पावला.

एका इंचावरून मारलेला ठोसा

१९६४ साली लाँग बीच येथील कराटे स्पर्धेच्या वेळी ब्रूस लीने आपला प्रसिद्ध 'एका इंचाचा ठोसा' करून दाखवला. मूठ समोरच्याच्या छातीपासून जेमतेम एका इंचावर, आणि तरीही तो माणूस मागे ठेवलेल्या खुर्चीत जाऊन कोसळला! ही जादू नव्हे. हात फार हलत नाही हे खरे, पण पाय, कंबर, खांदा आणि मनगट हे सारे एकामागून एक अचूक वेळी झटका देतात. म्हणजे हा ठोसा एकट्या हाताचा नसतो, तो सगळ्या शरीराचा असतो.

पण येथे एक फरक ध्यानात घ्या. एखाद्याला मागे ढकलणे वेगळे आणि त्याला बेशुद्ध पाडणे वेगळे. वरच्या गणितातला २७ एककांचा ठोसा ८० किलोच्या माणसाच्या छातीवर बसला, तर संवेग-अक्षय्यतेच्या नियमानुसार तो माणूस मागे सरकेल सेकंदाला २७ ÷ ८० = सुमारे ०.३४ मीटर वेगाने. पुरती अर्धी पावलाची चालही नव्हे ती! माणसाला मागे उडवायचे तर बल जास्त वेळ लावावे लागते, म्हणजे ढकलावे लागते. चित्रपटात एका ठोशासरशी खलनायक दहा फूट उडून काचेच्या दारातून पलीकडे पडतो, तो दिग्दर्शकाच्या कृपेने. न्यूटनचा त्याच्याशी काही संबंध नाही.

क्रिकेटचा झेल आणि अलीची मान

जोरात आलेला चेंडू झेलताना तुम्ही हात मागे नेता. का बरे? चेंडूचा संवेग शून्यावर आणायचाच असतो, पण त्याला जितका जास्त वेळ द्याल तितके हातावरचे बल कमी होते. २७ एककांचा संवेग एका सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवला तर सरासरी बल २,७०० न्यूटन. तोच दुप्पट वेळात थांबवला तर १,३५० न्यूटन.

अली ठोसा येताना डोके मागे नेत असे, त्यातले शास्त्र हेच. एकतर ठोसा हवेतच संपे, आणि बसलाच तर झेललेल्या चेंडूसारखा त्याचा जोर मोडे. दुसरीकडे, समोरचा माणूस पुढे झेपावत असताना त्याला ठोसा बसला, तर दोघांचे वेग एकत्र होतात आणि आघात भयंकर होतो. उंचीने १९ सेंटिमीटर कमी असलेल्या लीला अलीपर्यंत पोहोचायचे तर आधी पुढे घुसावेच लागले असते, आणि धोका होता तो नेमका त्या क्षणी.

लाथेचे काय?

माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या सुमारे एक षष्ठांश भरतो. हात भरतो सुमारे एक विसांश. पाय हाताहून लांबही असतो. मग सगळेच लाथा का मारत नाहीत? कारण लाथ मारताना माणूस एका पायावर उभा असतो. त्याच्या आधाराचे क्षेत्र एका तळव्याएवढे उरते आणि गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा त्याबाहेर गेली की तो पडतो. शिवाय जड पायाला गती द्यायला वेळ अधिक लागतो. थोडक्यात, लाथ म्हणजे मोठी रक्कम, पण जोखमीची.

ही जोखीम टाळण्याची एक अजब युक्ती जपानच्या एका मल्लाने शोधून काढली, आणि तीही प्रत्यक्ष अलीसमोर!

टोकियोतील विचित्र सामना

२६ जून १९७६ रोजी टोकियोच्या बुडोकान सभागृहात अली आणि जपानी व्यावसायिक मल्ल अंतोनियो इनोकी समोरासमोर आले. नियमांवरून आधी बरीच घासाघीस झाली होती. घंटा वाजली आणि इनोकीने सरळ पाठीवर लोळण घेतली! पडलेल्याला पडण्याची भीती कसली? गुरुत्वमध्य जमिनीलगत, आणि दोन्ही पाय लाथा मारायला मोकळे. अलीचे हात तेथवर पोहोचेनात. तो वाकेना आणि इनोकी उठेना. पंधरा फेऱ्यांत अलीला मोजकेच ठोसे मारता आले. इनोकीच्या लाथा मात्र त्याच्या मांडी-पोटऱ्यांवर एकसारख्या बसत राहिल्या. शेवटी सामना बरोबरीत सुटला आणि प्रेक्षक चिडले. अलीचे पाय सुजले, त्यांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्याला रुग्णालयात उपचार घ्यावे लागले.

आपल्याकडच्या कुस्तीशौकिनांना यात नवल वाटणार नाही. १९१० साली लंडनमध्ये आपल्या गामाशी लढताना झबिस्को हा धिप्पाड पोलिश मल्ल असाच दोन तासांहून अधिक काळ गादीला चिकटून राहिला होता. ती कुस्तीही बरोबरीत सुटली.

तेव्हा टोकियोने काय सिद्ध केले? मुष्टियोद्धा श्रेष्ठ की मल्ल, हे मुळीच नव्हे. एकाची सारी विद्या ज्या अंतरावर चालते, त्या अंतरावर दुसरा आलाच नाही, तर दोन्ही विद्या वाया जातात. सिद्ध झाले ते एवढेच.

एक प्रश्न, दोन उत्तरे

यानंतर असे आणखी सामने झाले. त्यांतले दोन शेजारीशेजारी मांडा.

२८ ऑगस्ट २०१० रोजी बोस्टनमध्ये मुष्टियुद्धाचा माजी जगज्जेता जेम्स टोनी हा रँडी कुटूरशी लढला. नियम मिश्र युद्धकलेचे होते, म्हणजे ठोसे, लाथा, पकडी, सर्व काही चाले. कुटूरने त्याला लगेच खाली पाडले आणि पहिल्याच फेरीत गळ्याभोवती पकड घालून शरण आणले.

२६ ऑगस्ट २०१७ रोजी लास व्हेगासमध्ये मिश्र युद्धकलेतला विजेता कॉनर मॅकग्रेगर हा मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदरशी लढला. नियम मुष्टियुद्धाचे होते. मॅकग्रेगर दहाव्या फेरीपर्यंत टिकला, मग पंचांनी सामना थांबवून मेवेदरला विजयी घोषित केले.

पाहा, प्रश्न तोच, पण नियम बदलताच उत्तर उलटे झाले! दोन सामन्यांवरून नियम सिद्ध होत नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. पण कारण समजायला सोपे आहे. मुष्टियोद्धा वर्षानुवर्षे फक्त हातांनी, फक्त कमरेच्या वर, उभ्याने लढण्याचा सराव करतो. त्याच्या मेंदूने आणि स्नायूंनी त्याच धोक्यांचे अंदाज शिकलेले असतात. पायात घुसणारा मल्ल त्या अभ्यासक्रमात नसतो! मातीत तयार झालेला आपला मल्ल गादीवर गेला की त्यालाही नव्याने शिकावे लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. गादीवरच्या कुस्तीची कसून तयारी करून १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन परतले. तेही आपल्या वजनगटात, हे विसरू नका. वजनगट पाडले जातात ते परिणामी वस्तुमानाचे गणित सर्वांना मान्य आहे म्हणूनच.

मग उत्तर काय?

आता आपल्या वादाचा निकाल देता येईल. मुष्टियुद्धाचे नियम असतील तर अली, यात शंका घ्यायला जागा नाही. ३४ किलो वजन, १९ सेंटिमीटर उंची आणि हजारो तासांचा सराव या तिन्ही गोष्टी त्याच्या पारड्यात पडतात. सर्व काही चालेल असा नियम असेल तर लीला गुडघ्यावरची लाथ, पकड, गळ्यावरचा आघात अशी शस्त्रे मिळतात, आणि निकाल खूपच अनिश्चित होतो. तरीही वजनातला एवढा फरक मोठाच राहतो. स्वतः ली मुष्टियुद्धाचे चित्रपट बारकाईने पाही आणि त्यातले उपयोगी ते आपल्या पद्धतीत घेई. "श्रेष्ठ कोण?" यापेक्षा "यातून काय शिकता येईल?" हा प्रश्न त्याला जास्त मोलाचा वाटत होता, असेच यावरून दिसते.

म्हणजे "कोण जिंकेल?" हा प्रश्नच अपुरा होता. "कोणत्या नियमांखाली, किती वजनाचे, किती अंतरावरून?" हे जोडले की तो विज्ञानाचा प्रश्न होतो.

ठोशाची खरी किंमत

एक गोष्ट मात्र मैदानामागे जाऊ पाहणाऱ्या त्या दोन मुलांना मी मुद्दाम सांगितली. आपला मेंदू सुमारे १.४ किलो वजनाचा, मऊ, आणि कवटीत द्रवात तरंगणारा असा असतो. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके झटकन फिरते, पण जडत्वामुळे मेंदू मागे राहतो. त्यातले नाजूक चेतातंतू ताणले जातात, पिळवटतात. माणूस बेशुद्ध पडतो तो यामुळे. हातमोज्यांनी मूठ वाचते, चेहऱ्यावरच्या जखमाही कमी होतात. पण डोक्याचे ते फिरणे हातमोजा थांबवू शकत नाही. १९२८ सालीच हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरने मुष्टियोद्ध्यांत दिसणारे अडखळते चालणे आणि मंदावलेली बुद्धी यांचे वर्णन केले होते.

अलीने शेवटचा सामना १९८१ साली खेळला. १९८४ साली त्याला पार्किन्सनचा विकार असल्याचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. पण १९९६ साली अटलांटा येथे ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा हात थरथरताना साऱ्या जगाने पाहिला. ज्याची चपळाई पाहून लोक थक्क होत, त्याचाच तो हात होता. २०१६ साली तो वारला.

करून पाहा

आता ठोसा न मारता आपली चपळाई मोजा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. शून्याची खूण तुमच्या अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये असू द्या, पण पट्टीला स्पर्श करू नका. त्याने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा आणि किती सेंटिमीटरवर पकडली ते वाचा. १० सेंटिमीटर म्हणजे ०.१४ सेकंद, १५ म्हणजे ०.१७, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे ०.२३ आणि ३० म्हणजे ०.२५ सेकंद. प्रत्येकाने दहा वेळा करून सरासरी काढा. वरच्या इयत्तेच्या विद्यार्थ्यांनी हे आकडे अंतर = ½ × ग × काळाचा वर्ग या सूत्राने स्वतः पडताळावेत.

आमच्या त्या दोघांनीही हा प्रयोग केला. एकाची सरासरी १९ सेंटिमीटर आली, दुसऱ्याची १८. ब्रूनोच्या ठोशाला लागलेल्या एक दशांश सेकंदाच्या जवळपासही दोघांपैकी कोणी पोहोचला नाही. तेवढ्यात घंटा झाली, आणि मैदानामागे जायचे राहूनच गेले.